वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि अँटिऑक्सिडंट

प्रश्न : हाफ मॅरेथॉनची तयारी करतो आहे. लांब पल्ला धावलो की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. मित्राच्या सांगण्यावरून रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० युनिट ई जीवनसत्त्व आणि रेस्व्हेराट्रॉलची कॅप्सूल घेतो. चालू ठेवू का?

उत्तर : डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलं नसेल, तर तयारीच्या काळात हे तिन्ही बंद करा. ही तिन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्सना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना) निष्प्रभ करणारी द्रव्यं. जोरकस व्यायामात स्नायूंमध्ये फ्री रॅडिकल्स वाढतात हे खरं. पण ती निव्वळ कचरा नव्हेत. ‘आणखी मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) हवेत, स्वतःची संरक्षक विकरं (एन्झाइम्स) वाढवा’ हा निरोप पेशीला त्यांच्याकडूनही मिळतो. अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस रोज घेतला की निरोपच दबतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्व दिलं. डोस तुमच्याएवढाच होता. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या घेणाऱ्यांत सुधारला नाही. २०१४ च्या नॉर्वेतल्या ११ आठवड्यांच्या प्रयोगात मायटोकॉन्ड्रियाच्या वाढीच्या खुणा गोळ्या घेणाऱ्यांत दबलेल्या दिसल्या. धावण्याची क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली, म्हणजे आजवरची मेहनत वाया गेली असं समजू नका.

रेस्व्हेराट्रॉल वनस्पतीतलं असलं तरी त्याला वेगळा न्याय नाही. वयस्कर पुरुषांना रोज २५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा आठ आठवड्यांच्या व्यायामाने ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जितकी वाढायला हवी तितकी वाढली नाही.

आणि मांड्यांचं दुखणं? ते मुख्यतः स्नायू ताणला जात असताना त्यावर भार पडल्याने होतं; उतारावर धावलात की जास्त. त्यातून सूज येते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला पोचतं. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी त्यात पडणारा फरक इतका थोडा असतो की जाणवणारही नाही. आठवड्याचं अंतर एकदम न वाढवणं आणि उतारावरचं धावणं हळूहळू वाढवत नेणं, याचा उपयोग कितीतरी जास्त. फळं-भाज्या भरपूर खा. तेवढ्याने हा निरोप दबत नाही.

प्रश्न : मग आंबट चेरीचा रस स्पर्धेच्या वेळी तरी घ्यावा का? कसा?

उत्तर : हो, तिथे घ्यायला हरकत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात शरीर नव्याने घडवायचं नसतं, लवकर सावरायचं असतं. प्रयोगांतली नेहमीची पद्धत अशी : मॉन्टमोरेन्सी जातीच्या चेरीचा घट्ट अर्क ३० मिली, गार पाण्यात मिसळून, दिवसातून दोनदा, स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात, स्पर्धेच्या दिवशी आणि पुढे दोन दिवस. पाणी उकळतं नको, कारण लाल रंग देणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, म्हणजे अँथोसायनिन्स, उष्णतेने खराब होतात. स्पर्धेच्या दिवशीच सुरू करून उपयोग नाही, आणि गोड चेरीचं सरबत हा त्याला पर्याय नव्हे. यात सॉर्बिटॉल असतं, काहींचं पोट ढिलं होतं. म्हणून सरावातल्या एखाद्या लांब पल्ल्याला आधी घेऊन बघा. मधुमेह असेल तर त्यातली साखर हिशेबात धरा.

प्रश्न : ग्रीन टीच्या अर्काच्या डब्यावर ओआरएसी (अँटिऑक्सिडंट क्षमतेचं माप) आकडा मोठा आहे. तो पाहून निवडू का?

उत्तर : नको. तो आकडा परीक्षानळीतला. वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स (चहा-फळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) आतड्यात आणि यकृतात बदलतात, मूळ रूपात रक्तात फार थोडी पोचतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओआरएसी यादी २०१२ मध्ये याच गोंधळापायी काढून टाकली. डब्यावर ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. पूरक गोळ्यांतून रोज ८०० किंवा त्याहून जास्त गेलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. उपाशीपोटी घेतल्यास धोका अधिक. लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले, तर अर्क त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जा आणि डबाही सोबत न्या.