‘स्पॅनिश’, ‘इंग्रज’ आणि भाषक

प्रश्न असा आहे: मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाच्या प्रवासाबद्दल लिहिताना ‘वाटेत आम्हाला स्पॅनिश आणि इंग्रज भेटले’ हे वाक्य चालेल का, की ‘स्पॅनिश भाषिक आणि इंग्रजी भाषिक’ म्हणावे?

पहिले वाक्य चालणार नाही. मराठीत ‘इंग्रज’ म्हणजे इंग्लंडचा माणूस, त्याची भाषा ‘इंग्रजी’. ‘स्पॅनिश’ला अशी जोडी नाही. ‘फ्रेंच’, ‘पोर्तुगीज’ यांच्यासारखाच हा शब्द भाषेलाही लागतो आणि माणसालाही, त्यामुळे ‘स्पॅनिश भेटले’ म्हटले की वाचकाला स्पेनहून आलेले लोक दिसतात. बेलीझच्या उत्तरेला कोरोझाल आणि ऑरेंज वॉक भागात स्पॅनिश बोलणारे लोक मुख्यतः मेस्तिसो, म्हणजे युरोपीय आणि तिथले मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशाचे, आहेत. १८४७ मध्ये शेजारच्या मेक्सिकोतल्या युकातानात पेटलेल्या युद्धामुळे सीमा ओलांडून आलेल्या अनेकांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांचा स्पेनशी संबंध फक्त भाषेपुरता आणि दूरच्या पूर्वजांपुरता.

आता भाषक की भाषिक. ‘भाषक’ हा लेखक, वाचक, गायक यांच्या घडणीचा शब्द आहे: बोलणारा तो भाषक. ‘भाषिक’ हे सामाजिक, धार्मिक यांसारखे विशेषण आहे: भाषेसंबंधीचे ते भाषिक. माणसांसाठी ‘भाषिक’ वापरण्याची सवय वर्तमानपत्रांमुळे इतकी पक्की झाली आहे की ते सरसकट खोडणे आता अवघड आहे. तरी भेद जपण्यासारखा आहे, कारण ‘भाषिक प्रश्न’ वेगळे आणि ‘भाषकांचे प्रश्न’ वेगळे. पहिल्यात शाळेचे माध्यम, पाट्या, राजभाषा येईल. दुसऱ्यात त्या लोकांची जमीन, रोजगार, काहीही येऊ शकते.

लिहिताना शब्द जोडून लिहावा: स्पॅनिशभाषक, इंग्रजीभाषक. अनेकवचनात रूप बदलत नाही, विभक्तीत ‘भाषकाला’, ‘भाषकांना’ होते. ‘स्पॅनिशभाषी’ही बरोबर आहे, पण ते विशेषण म्हणून अधिक शोभते: स्पॅनिशभाषी गाव, स्पॅनिशभाषी कुटुंब.

बेलीझच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे. ‘भाषक’ म्हटले की ती त्या माणसाची मातृभाषा असावी असे वाचक धरून चालतो. हा देश १९७३ पर्यंत ‘ब्रिटिश होंडुरास’ या नावाने ओळखला जाई आणि १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. राजभाषा इंग्रजी, शाळा आणि सरकारी कागदही इंग्रजीत. पण तुमच्याशी इंग्रजीत बोललेल्या माणसाची घरची भाषा बहुधा क्रिओल (इंग्रजीतून घडलेली तिथली भाषा) असेल, दक्षिणेत गारिफुना (त्याच नावाच्या आफ्रिकी-कॅरिब समाजाची भाषा) किंवा एखादी माया भाषा, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत जर्मनची एक बोली. त्याला ‘इंग्रजीभाषक’ म्हटले तर चुकीची माहिती जाते. अशा ठिकाणी साधे ‘इंग्रजी बोलणारे’ लिहावे. हा पर्याय बोलीतला वाटला तरी सर्वांत अचूक आहे, कारण तो फक्त तुम्ही ऐकलेलेच सांगतो.

स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे ग्वातेमालाच्या सीमेजवळ खूप भेटतात. तो माणूस ‘द्विभाषी’. दोन भाषांतली पाटी मात्र ‘द्विभाषिक’. (१९५६ ते १९६० मधले मुंबई राज्य ‘द्विभाषिक’ होते, ते याच अर्थाने.) ‘दुभाष्या’ लिहू नका. दुभाष्या म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगणारा, मग ते पैसे घेऊन असो वा ओळखीखातर.

बेलीझमध्ये मेस्तिसो माणसाला स्थानिक लोक बोलताना ‘स्पॅनिश’ म्हणतात. तो शब्द कोणाच्या तोंडचा म्हणून द्यायचा असेल तर अवतरणात ठेवावा, निवेदनात घेऊ नये.

तेव्हा वाक्य असे होईल: ‘उत्तरेत आम्हाला स्पॅनिशभाषी कुटुंबे भेटली, इंग्रजी बोलणारे तर सगळीकडेच होते.’