आयक्यू १०२, पण नरकासुराचे डोळे फिरतात

प्रश्न: ताई, मुलाचा आयक्यू १०२ आला, घरात सगळे हिरमुसलेत. पण दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचे फिरते डोळे त्यानेच केले, जुन्या टेबल फॅनची मोटर लावून. मग हा हुशार की नाही? — एक आई, फोंडा

उत्तर: अहो, १०० म्हणजेच सरासरी, १०२ला रडायचं कशाला! १९२१ला टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात आयक्यू बघून हुशार पोरं निवडली, त्यात शॉकली आणि अल्व्हारेझ ही दोन पोरं बसलीच नाहीत आणि पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल (१९५६, १९६८). सर्जनशीलता तपासणाऱ्या गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळाच, एका विटेचे उपयोग किती सुचतात, आता याला एकच बरोबर उत्तर कुठून असणार? तुमच्या पोराला फॅनमध्ये डोळे दिसले की! फक्त प्लग काढून काम करतो ना, तेवढं बघा.