मुंबई सिटी फुटबॉल क्लबने 2020-21 ला, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये जिंकलेल्या आयएसएलला (इंडियन सुपर लीगला) खरं विजेतेपद मानावं का?

मानावं. हा प्रश्न मला नवा नाही. माझा मावसभाऊ घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात हाच विषय उकरून काढतो. "प्रेक्षक नाहीत, मुंबईत एक मॅच नाही, कसली ट्रॉफी?" तो मँचेस्टर युनायटेडवाला. अंधेरीच्या मैदानात, म्हणजे मुंबई सिटीच्या घरच्या मैदानात, त्याने आजवर पाऊल टाकलेलं नाही.

मी तिथे होतो, मार्च 2019 च्या सेमीफायनलला. पहिला गोल आपला, आणि मग एफसी गोवाने आपल्याच घरात आपल्याला 5-1 ने धुतलं. स्टँड रिकामे व्हायला लागले तरी मी शिट्टी होईपर्यंत जागचा हललो नाही. त्या गोव्याचा कोच होता सर्जिओ लोबेरा. पुढच्याच वर्षी तो मुंबईत आला आणि जाहू, फॉल, बुमूस, मंदार राव देसाई हेही गोव्यातून आले. पैसा ओतला, हे खरंच. मँचेस्टर सिटीच्या मालक सिटी ग्रुपने क्लब घेतला होता. पण पैसा ओतून हरलेल्या टीमही ढिगाने आहेत.

फायनल 13 मार्च 2021 ची, फातोर्ड्याला, समोर एटीके मोहन बागान. जाहूने आपल्याच हाफमध्ये बॉल घालवला आणि 18 व्या मिनिटाला बागानच्या विल्यम्सने गोल ठोकला. मग त्याच जाहूचा लांब पास अडवायला गेलेल्या बागानच्या तिरीने हेडर स्वतःच्याच जाळीत घातला. 1-1. हाफटाइमच्या तोंडावर अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला. अँब्युलन्स आली. आई पोळ्या टाकून कणकेच्या हातानेच बाहेर आली. तिला फुटबॉलचं काही कळत नाही. "रानवडे म्हणजे आपलाच मुलगा ना रे? शुद्धीवर आहे ना?" एवढंच तिने विचारलं आणि गॅस बंद करून टीव्हीसमोर बसली. पोरगा वाचला, बरा होऊन पुन्हा खेळला. मला ती फायनल आधी यासाठी आठवते, 90 व्या मिनिटाला ओग्बेचेच्या पासवर बिपिनने मारलेला गोल त्यानंतर.

स्टँड रिकामे होते म्हणून त्या पोराला लागलेला मार खोटा होता का? मावसभावाला हे विचारलं की तो विषय बदलतो.

सगळ्या 11 टीम गोव्यातच, तीन मैदानांवर खेळल्या. बबल, म्हणजे कोविडमुळे बाहेरच्यांशी संपर्क तोडून राहणं, सगळ्यांना सारखाच होता. फायनलआधीच्या लीगमध्ये आपले आणि मोहन बागानचे 40-40 गुण झाले, पण त्यांना आपण दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड आपली. त्या शील्डमुळे आशियातल्या क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीग खेळायला मिळाली आणि एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. त्या स्पर्धेत मॅच जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब. विजयी हेडर मुंबईच्या राहुल भेकेचा. ते गुण कोणी प्रेक्षक मोजून दिले नव्हते.

घरच्या मैदानाचा फायदा-तोटा त्या फायनलमध्ये दोघांनाही नव्हता, आणि तिरीचा तो सेल्फ गोल नशीबच, हेही मान्य. अंधेरी भरलेली असती तर मलाही जास्त आवडलं असतं. पण तुम्हाला हा प्रश्न कोणी ऐकवला असेल तर त्याला आधी विचारा, शेवटचं तिकीट कधी काढलं होतंस? माझ्या मावसभावाने अजून उत्तर दिलेलं नाही.