गुहागरच्या घराची कौलं काढून डांबरी शिंगल बसवावीत का?

बसवा, पण रिपांवर, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर, नाही. डांबरी शिंगल म्हणजे वर दगडी कण लावलेले डांबराचे पातळ, लवचिक तुकडे. कौलं रिपांवर टेकतात. शिंगलला खाली सलग फळी लागते, म्हणजे मरीन प्लाय आणि त्यावर पाणीरोधक थर. खर्च तिथेच वाढतो.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. शिंगलखालची डांबरी चिकटपट्टी उन्हाच्या तापानेच धरते. मे अखेरीस घाईत बसवलीत तर पहिल्याच वादळात कडा उचलतील. 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आठवतंय ना? एका शिंगलला चारऐवजी सहा खिळे मारा, तेही स्टेनलेस. खारा वारा साध्या खिळ्यांना खातो.

शेवाळ येणारच. आढ्यालगत जस्ताची पट्टी लावा. प्रेशरने धुऊ नका, वरचे दगडी कण निघून जातात. माडाखाली घर असेल तर मात्र पुन्हा विचार करा.