कॉलेजचे पाच मित्र जवळजवळ तीस वर्षांनी भेटतोय. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतून आठ दिवस गाडीने फिरायचा बेत आहे. जमेल का, की दोन दिवसांत एकमेकांना कंटाळू?

जमेल. फक्त पहिल्या संध्याकाळी वाटेल की उगाच आलो. तेव्हा घाबरू नका.

आम्ही चौघी 1991 ते 95 सांगलीला हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो. 2023 च्या मे अखेरीस सहा रात्रींसाठी आयर्लंडच्या पश्चिमेला गेलो. एक डब्लिनला नोकरीला आहे, म्हणून आयर्लंड. दुसरी मालवणची, तिसरी माण तालुक्यातली, चौथी मी, पुण्याची. पहिल्या दिवशी डब्लिनवालीच्या घरी पिठलं-भात झाला, मुलांचे फोटो दाखवून झाले, कुणाचा नवरा कसा घोरतो तेही झालं, आणि साडेआठलाच विषय संपले. बाहेर लख्ख ऊन. तिकडे त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे झोप आली असं म्हणायचीही सोय नाही. व्हॉट्सॲपवर सगळं आधीच सांगून संपवलेलं असतं हो. समोर बसल्यावर उरतं काय?

दुसऱ्या दिवशी डब्लिन ते गॉलवे, साधारण दोनशे किलोमीटर, सरळ मोटरवे. चौघी आपापल्या फोनमध्ये. गॉलवे सोडून कोनमाराकडे वळल्यावर मात्र फोन आपोआप खाली गेले, कारण गाडी चालवणं हे चौघींचं काम होऊन बसलं.

तिथले आतले रस्ते म्हणजे आपली पाणंद समजा. एक गाडी जाईल एवढी रुंदी, दोन्हीकडे दगडी गडगा नाहीतर काटेरी झुडपांचं कुंपण, मधोमध गवताची रेघ. असल्या रस्त्याला ते बोरीन म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी आयरिश भाषेतली गाय आहे, हे कळल्यावर माणवाली म्हणाली, "म्हणजे गायवाटच की!" गडगेसुद्धा आपल्या कोकणातल्यासारखे, चुना-सिमेंट काही न लावता नुसते दगडावर दगड रचलेले. मालवणीने गाडी थांबवून एका गडग्याला हात लावून पाहिला आणि काम चांगलं आहे असा शेरा दिला.

मग समोरून ट्रॅक्टर आला. मालवणी स्टिअरिंगवर, मागे वळण, वळणाच्या पलीकडे मेंढ्या. "मागे घे गं", "डावीकडे दगड आहे", "तुझी डावी की माझी?", "अगं आरशात बघ ना!" चौघी एकाच वेळी ओरडत होतो. ट्रॅक्टरवाला आजोबा निवांत बसून बघत होता. अर्धा फर्लांग उलटं जाऊन एका शेताच्या फाटकात गाडी घातली, तेव्हा तो जाता जाता स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलून गेला. तिकडच्या खेड्यांत हा नमस्कार आहे, ओळख असो वा नसो. त्याच्यामागे आम्ही अशा काही हसलो की मालवणीला गाडी परत रस्त्यावर घेता येईना. हॉस्टेलमधलं हसणं होतं ते, पोट दुखेपर्यंतचं. पुढचे पाच दिवस दिसेल त्या माणसाला आम्ही एक बोट उचलून नमस्कार घातला.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की निवांत गप्पा मारू म्हणून हॉटेलच्या लॉबीत बसू नका. पाचही जणांना मिळून काहीतरी निस्तरावं लागेल असं बघा. रस्ता चुकणंही त्यातच धरा. कोनमाराच्या बऱ्याच भागात आयरिश ही बोलीतली भाषा आहे, आणि अशा भागात गावांच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. आम्ही माम क्रॉस शोधत होतो आणि पाटीवर त्याच गावाचं आयरिश नाव होतं, ज्याचा अर्थ जळकं घर. दोनदा त्याच चौकातून गेलो. नकाशा वाचायला चौघींत मिळून चष्मा एकच हाताशी होता, बाकीचे डिकीत.

आता मुख्य गोष्ट. ही सांगावी की नाही, याचा विचार करत होते.

चौथ्या दिवशी लीनान गावाहून लुईसबर्गला जाताना डूलॉख नावाची दरी लागते. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे काळंशार तळं, घर एकही नाही. या सगळ्या भागात डोंगरउतारावर नीट पाहिलं तर गवताखाली समांतर पट्टे दिसतात. माणवालीने ते आधी ओळखले. "सरी-वरंबे आहेत गं. इथं कोणीतरी पीक घेत होतं." होतेच. बटाटा. 1845 साली त्यावर करपा पडला. आपल्याकडे बटाट्या-टोमॅटोवर येतो तोच उशिराचा करपा. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. 1841 ला 80 लाखांहून जास्त लोकसंख्या होती त्या बेटाची. आणि त्याच काळात धान्य आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जात होती.

दरीत रस्त्याकडेला दगडी क्रूस आहे. मार्च 1849 च्या शेवटी लुईसबर्गला शेकडो उपाशी माणसं मदत मागायला जमली. तपासणी केल्याशिवाय मदत नाही, आणि तपासणी करणारे साहेब उतरलेत दरीपलीकडच्या डेल्फीच्या बंगल्यावर, तर उद्या सकाळी तिथे हजर व्हा, असा निरोप मिळाला. अंतर एकोणीस-वीस किलोमीटर, थंडी-पाऊस, अंगावर चिंध्या. माणसं रात्रीतून चालत गेली. साहेब जेवत होते, म्हणून थांबवून ठेवलं, आणि शेवटी रिकाम्या हातांनी परत पाठवलं, असं सांगतात. येताना याच रस्त्यावर माणसं मेली. किती, यावर एकमत नाही. स्मारकाच्या दगडावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे, आपल्यासारख्याच माणसांना हीन लेखून कुणाला मोठेपणा कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. कुठे माण, कुठे हा मेयो परगणा, आणि मधे गांधीजी.

डब्लिनवाली हे सगळं सांगत होती. दुष्काळात कामं काढली, लोकांकडून खडी फोडून घेतली, कुठेच न जाणारे रस्ते बांधून घेतले, असं म्हणाली. तेव्हा माणवाली एकदम बोलली. "माझ्या आईनं फोडलीय खडी. बहात्तरच्या दुष्काळात. मी पोटात होते."

तुमचं वय आमच्याएवढं असेल तर घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल, 1972 च्या दुष्काळात सरकारने खडीची कामं काढली होती आणि कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि ही सुकडी, यांवर माणदेशातली कितीतरी घरं जगली. "आई म्हणायची, तू सुकडीवर वाढलेली," ती म्हणाली.

आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. कारण चार वर्षं हॉस्टेलमध्ये आम्ही तिला सुकडी म्हणत होतो. ती बारीक होती, म्हणून. हाक मारताना, डब्यावर नाव लिहिताना, तिच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा.

मी सॉरी म्हणाले. अगदीच पोकळ वाटला तो शब्द. ती म्हणाली, "राग नव्हता गं. तुम्हाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, मग रोजच राहत गेलं." मग पाऊस आला, तिकडे तो विचारून येत नाही, आणि आम्ही पळत गाडीत बसलो. लुईसबर्गपर्यंत कुणी बोललं नाही. पण पहिल्या संध्याकाळची ती गप्प बसायची अडचण आणि ही शांतता यांत फरक होता. मालवणीने मागे हात करून तिचा हात धरला होता, एवढं मला आरशात दिसलं.

त्या रात्री आम्ही दीडपर्यंत बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

पुढचे दोन दिवस खाली क्लेअर परगण्यात बरन भागात होतो. तुमच्यात कुणी रत्नागिरी-राजापूरकडचा असेल तर त्याला मुद्दाम न्या. मैलोन् मैल कातळ, फक्त आपल्या जांभ्याऐवजी करडा चुनखडीचा, आणि फटीफटींतून फुलं. आपल्या सड्यावर ती पावसाळ्यात येतात, इथे मे महिन्यात. सतराव्या शतकात आयर्लंड जिंकणाऱ्या क्रॉमवेलच्या वेळचा एक इंग्रज अधिकारी या भागाबद्दल लिहून गेलाय की माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. मारण्यापलीकडे जमिनीचा काही उपयोग असतो हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. मोहेरचे कडे सगळे बघतात, तुम्हीही बघाल. 214 मीटर उंच आहेत, वारा भयंकर, गर्दी त्याहून. आम्ही तासाभरात निघालो.

मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी कुठून आलात विचारलं. मालवण म्हटल्यावर मालवणीने लगेच लिओ वराडकरांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं, हे सांगून टाकलं. तेव्हा तेच पंतप्रधान होते. बाईंनी कौतुकाने ऐकलं आणि मग घरभाडी किती वाढलीत याची तक्रार थेट मालवणीकडे केली, जणू ही त्यांची आत्याच. न्याहारीला शाकाहारी माणसांनी जपून: ताटातल्या पुडिंगच्या काळ्या चकत्या गोड नसतात, त्यात रक्त असतं. त्यांचा सोडा घातलेला तपकिरी पाव, त्यावर तिथलं लोणी आणि आपली लसणाची चटणी, हे मात्र सहा दिवस खाल्लं तरी कंटाळा आला नाही. भारतातून तूप, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात.

राहिलेलं भराभर सांगते. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. आमच्यातल्या एकीला हे निघण्याआधी तीन आठवडे कळलं, त्या तीन आठवड्यांत तिचं बीपी किती होतं ते विचारू नका. गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढं सुख आहे. ऑटोमॅटिक हवी तर लवकर सांगून ठेवा, महाग पडते. आम्ही गेलो तेव्हा आतल्या छोट्या रस्त्यांवर वेगमर्यादा 80 होती, 2025 पासून 60 केलीय. 80 ने तिथे कोण जात होतं, देव जाणे. पैशांची काँट्री पहिल्याच दिवशी काढून एकाच्या हातात द्या, रोजचा हिशेब नको. एका जागी निदान दोन रात्री काढा, नाहीतर आठ दिवस नुसत्या बॅगा भरण्यात जातील. आणि स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. ओले मोजे वाळत घालून कांदेपोहे करताना जे बोलणं होतं ते रेस्टॉरंटात होत नाही.

तुम्ही पाच जण आहात, म्हणजे दोन गाड्या करायचा मोह होईल. करू नका. एकच मोठी गाडी घ्या, मधल्या सीटवर रोज वेगळा माणूस बसवा, आणि कॉलेजात ज्याला टोपणनाव सगळ्यांनी मिळून ठेवलं होतं त्याला पहिल्या दिवशी पुढे बसवा.