डोळ्यात बसवायच्या औषधी इम्प्लांटसाठी विरघळणारं पॉलिमर घ्यावं की न विरघळणारं?

एम.फार्म.चा प्रोजेक्ट म्हणताय, म्हणून स्पष्टच लिहिते. पॉलिमर कुठलं ते नंतर बघा. आधी हे ठरवा, की रिलीजचा, म्हणजे औषध किती वेगाने सुटतं त्याचा, आलेख बिघडला तर तो तसाच दाखवाल का?

मी पीएलजीए या विरघळणाऱ्या पॉलिमरच्या काड्यांवर काम करत होते. आत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. काडी तांदळाच्या दाण्याएवढी लांब, पण त्याहून कितीतरी बारीक. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ३७ अंशांवर, शेकरवर सहा व्हायल (छोट्या बाटल्या). पाच आठवडे आलेख जवळजवळ सरळ. सहाव्या सोमवारी व्हायल उजेडात धरल्या, तर दोन काड्या फुगून दुधाळ झालेल्या आणि मधोमध चिरलेल्या. उरलेलं औषध त्या दोन्हींतून तीनच दिवसांत बाहेर आलं. सर म्हणाले, "सॅम्पल काढताना तुझा हात लागला असेल, त्या दोन वगळ." मी वगळल्या नाहीत. पेपर चार व्हायलवर छापून आला, माझ्या नावाशिवाय.

हात लागलेला नव्हता. पीएलजीए नुसतं वरून झिजत नाही. पाणी गाभ्यापर्यंत शिरतं, तिथे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल साचतं आणि तेच आम्ल पॉलिमर आणखी भराभर तोडतं. डोळ्यात असं झालं तर स्टेरॉइड एकदम सुटेल. स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातलं प्रेशर वाढलं तर थेंब थांबवता येतात, डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवात (व्हिट्रियसमध्ये) सोडलेली काडी सहज काढता येत नाही. ससव्हिमोचं बघा. रॅनिबिझुमॅब हे रेटिनाच्या आजारावरचं औषध पुन्हा पुन्हा भरता येणारं हे इम्प्लांट अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. सुई टोचायचा पडदा जागचा हलण्याच्या तक्रारींनंतर कंपनीने २०२२ मध्ये ते स्वतःच मागे घेतलं आणि सुधारून २०२४ मध्ये परत आणलं. दोष मान्य करूनही उत्पादन उभं राहतं, हे मी सरांना तेव्हाही सांगत होते.

आता तुमचा प्रश्न. ओझुरडेक्स या बाजारातल्या इम्प्लांटमध्ये ०.७ मिग्रॅ डेक्सामेथासोन आणि पीएलजीए असतं, काही महिन्यांत काडी विरघळून जाते. इलुव्हिएन या दुसऱ्या इम्प्लांटची न विरघळणारी नळी ०.१९ मिग्रॅ फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड ३६ महिने सोडते, पण रिकामी नळी डोळ्यातच राहते. प्रोजेक्टच्या मुदतीत पीएलजीएच झेपेल. व्हायल मात्र सहापेक्षा कमी लावू नका, आणि दर आठवड्याला काडीचा फोटो काढा.

एक राहिलं. बफर म्हणजे डोळा नव्हे, आणि हे सगळं लहान रेणूंपुरतं. प्रोटीन असेल तर त्या आम्लात ते टिकवणंच अवघड जातं.