व्हिसा मिळेल हो, पण रिन्यू कोण करणार?

मागच्या अंकात रिटायरमेंटनंतर परदेशात राहण्यावर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेकांनी विचारलंय की व्हिसा मिळेल का. मी प्रत्येकाला उलट हेच विचारणार आहे, की पंच्याहत्तरीत हेच कागद परत गोळा करायला जमेल का? कारण ज्याला आपण "सेटल होणं" म्हणतो ते बऱ्याच देशांत दर वर्षी मागून घ्यायची परवानगी असते.

नमस्कार ताई, मी ६१, मिसेस ५७, दोघंही बँकेत होतो, आता रिटायर. थायलंडला दोनदा जाऊन आलो, चिआंग माई फार आवडलं, स्वस्त आहे, माणसं शांत. एक एजंट म्हणतो १० वर्षांचा रिटायरमेंट व्हिसा करून देतो, टोकन भरा. भरू का? (कोथरूड, पुणे)

टोकन अजिबात भरू नका. आधी त्याला व्हिसाचं नाव विचारा, तिथेच तो अडखळेल बघा. १० वर्षांचे दोन प्रकार आहेत. एक ओ-एक्स, तो फक्त १४ देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्यात भारत नाहीये, विषय संपला. दुसरा एलटीआर (लाँग टर्म रेसिडेंट), त्यात पेन्शनर म्हणून जायचं तर वर्षाला ८०,००० डॉलर घरबसल्या उत्पन्न दाखवावं लागतं, किंवा ४०,००० च्या वर उत्पन्न आणि शिवाय थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. बँकेच्या पेन्शनवर हे होत असेल तर काका, सल्ला मीच तुमच्याकडे मागायला हवा.

तुमच्यासाठी खरा आहे तो नॉन-इमिग्रंट ओ-ए, आणि तो एकेक वर्षाचा. वय ५० पूर्ण पाहिजे, बँकेत ८ लाख बात (थाई चलन) किंवा महिन्याला ६५,००० बात उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. पोलिसांचा दाखला, मेडिकल, आणि ३० लाख बातचं कव्हर असलेला हेल्थ इन्शुरन्स. ८ लाख बात म्हणजे आजच्या रेटने वीस-बावीस लाख रुपयांच्या पुढेमागे, तेवढे तुमच्याकडे असतीलच, त्यामुळे पहिल्या वर्षी काही अडणार नाही. अर्ज आता ऑनलाइनच होतो, एजंट लागतच नाही.

अडतं ते पुढे. तिथे राहून मुदत वाढवायची तर पैसे थाई बँकेतच लागतात, अर्जाच्या दोन महिने आधीपासून पूर्ण ८ लाख, नंतर तीन महिने हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे ती रक्कम कागदोपत्री तुमची पण खर्चायला नाही. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा (ऑनलाइन होतं, पण तारीख विसरलात की दंड). मुदतवाढ घेतल्यावर भाचीच्या लग्नाला पुण्याला यायचं तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिट काढायचं, एका वेळचं १,००० बात, कितीही वेळा ये-जा करायचं ३,८००. ते न काढता विमानात बसलात की वर्षभराची परवानगी तिथेच संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि इन्शुरन्स. ६१ ला मिळतो, पण सत्तरीनंतर शुगर-बीपीसकट त्याच कव्हरचा हप्ता किती होईल ते आत्ताच कंपनीकडून लेखी मागा, नुसत्या फोनवर विश्वास ठेवू नका.

जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, कॉन्डो म्हणजे फ्लॅट घेता येतो पण बिल्डिंगच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. मी तर म्हणेन घेऊच नका, भाड्यानेच राहा. आणि तुम्ही गेला होतात ते बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असणार, हो ना? फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि जंगलं जाळतात, धुराने समोरचा डोंगर दिसेनासा होतो. मिसेसना दमा वगैरे असेल तर एक मार्च महिना तिथे काढून बघा आणि मगच ठरवा.

आम्ही डोंबिवलीचे, वय ६२ आणि ५८. मुलगा दुबईत आहे, तो म्हणतो माझ्या स्पॉन्सरशिपवर या, सून म्हणते आई-बाबांनी स्वतःचाच रिटायरमेंट व्हिसा घ्यावा. कुणाचं ऐकू?

सुनेचं ऐका. तिच्या मनात काय असेल ते असो, पण मुद्दा तिचा बरोबर आहे. मुलाच्या व्हिसावर आईवडिलांचा व्हिसा एकेक वर्षाचा असतो आणि मुलाची नोकरी गेली की त्याच्यासोबत तुमचाही जातो, म्हणजे ज्या दिवशी घरात आधीच टेन्शन त्याच दिवशी तुमच्याही बॅगा भरायच्या. स्वतःचा रिटायरमेंट व्हिसा ५ वर्षांचा असतो. वय ५५ च्या वर, आणि तीनपैकी एक गोष्ट: १० लाख दिरहॅमची प्रॉपर्टी, किंवा १० लाख दिरहॅम बचत, किंवा महिना २०,००० दिरहॅम उत्पन्न, दुबईत १५,००० चालतं.

आता गंमत बघा. १० लाख दिरहॅम म्हणजे साधारण २ लाख ७२ हजार डॉलर, आणि रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे एकट्याच्या नावावर एका वर्षात फ्लॅट होत नाही, दोघांच्या नावाने पैसे पाठवावे लागतील. पण त्यासाठी डोंबिवलीचं घर विकायचा विचार असेल तर थांबा. ५ वर्षांनी रिन्यू करताना हीच अट परत पूर्ण करायची आहे, आणि तिथे नागरिकत्वाचा रस्ता नाही म्हणजे नाही. परत यायला एक दार उघडं पाहिजे.

माझं वय ६८, मिस्टर गेले, नाशिकला एकटी असते. मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला, मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर. दोघंही म्हणतात इकडे कायमची ये. मला एवढंच कळत नाही की कायमचं म्हणजे नक्की किती दिवस?

मावशी, तुम्ही जो प्रश्न विचारलात तो मुलांनी आधी विचारायला हवा होता.

मुलाचं आधी सांगते, ते लवकर संपेल. ग्रीन कार्डवाल्याला आईला स्पॉन्सर करताच येत नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला की मग करता येतं, आणि आईवडिलांसाठी कोट्याची रांग नसते ही चांगली गोष्ट. तोपर्यंत व्हिजिटर व्हिसा, एका वेळी साधारण सहा महिने. उद्या ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) लगेच नाही, सलग ५ वर्षं राहिल्यावर ते विकत घेता येतं. आणि ग्रीन कार्ड घेऊन नाशिकलाच राहीन म्हणाल तर ते टिकत नाही.

कॅनडाचं बरं आहे. तिथे आईवडिलांना कायमचं नेण्याची जी योजना आहे त्यात मुलांची नावं घेणं २०२० नंतर परत उघडलेलंच नाही, त्यामुळे मुलीने तेव्हा नाव घातलं नसेल तर तो विषय सोडून द्या. पण सुपर व्हिसा आहे. १० वर्षांपर्यंत मल्टिपल एन्ट्री, आणि २०२२ पासून एका वेळी सलग ५ वर्षं राहता येतं. मुलीचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे (तुम्हाला धरून मोजतात), तिचं निमंत्रणपत्र, तुमची मेडिकल, आणि कमीत कमी १ लाख कॅनेडियन डॉलरचा इन्शुरन्स.

या इन्शुरन्सपाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. सुपर व्हिसावर तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड मिळत नाही, जे काही आहे ते हा इन्शुरन्सच. तो विकताना म्हणतात "प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड", म्हणजे आधीपासूनचे आजारही धरलेत, आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आजार "स्टेबल" असेल तरच. स्टेबल म्हणजे पॉलिसीप्रमाणे ९० दिवस, १८० दिवस, जे असेल ते, तेवढ्या काळात नवीन औषध नाही, डोस वाढला नाही, आणि काही पॉलिसीत तर कमी झालेलाही चालत नाही. म्हणजे जायच्या आधी महिनाभर आपले फॅमिली डॉक्टर सहज म्हणाले की "बीपीची गोळी पाचाची दहाची करू", झालं, आता तिकडे हार्टचं काही निघालं तर कंपनी बोट त्या चिठ्ठीवर ठेवणार. म्हणून मावशी, आधी सगळ्या तपासण्या, औषधं बसवून घ्या, मग मध्ये मोकळा काळ जाऊ द्या आणि मगच पॉलिसी. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी फेकू नका.

आणि इथला मेडिक्लेम बंद करू नका, मुलं म्हणतील कशाला दोन-दोन हप्ते, तरी नाही. सत्तर झाल्यावर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्डही काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. माझं स्पष्ट मत सांगू का, नाशिकचं घर भाड्यानेही देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. ब्रॅम्प्टनचा एक अख्खा हिवाळा काढा, नोव्हेंबर ते मार्च, मुलगी-जावई दिवसभर कामावर, बाहेर बर्फ, बस पकडून देवळात जायचं तर बूट चढवायलाच दहा मिनिटं. काहींना मानवतं, शेजारी गुजराती-पंजाबी मैत्रिणी मिळतात आणि मस्त चालतं. काहींना नाही मानवत, आणि परत यायचं म्हटलं की मुलांना राग येतो. तो आला तरी चालेल.

(लंडन आणि सिडनीवाल्यांचेही प्रश्न आलेत. ब्रिटनचा स्वतःच्या पैशांवर रिटायर होऊन राहायचा मार्ग २००८ मध्येच बंद झाला, आणि आईवडिलांना न्यायचं तर रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती भारतात मिळूच शकत नाही हे सिद्ध करायचं, जे जवळजवळ अशक्य आहे. ऑस्ट्रेलियात पैसे भरून कायमच्या पेरेंट व्हिसाची रांग खूप वर्षांची आहे, त्यामानाने ८७० नंबरचा तात्पुरता व्हिसा बरा, ३ किंवा ५ वर्षांचा, एकूण १० पर्यंत.)

ताई, मी म्हापशाचा, जन्म १९५८ चा, म्हणजे पोर्तुगीज काळातला. पेन्शन आहे, एक छोटं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. आमच्याकडे अर्धा वाडा पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर गेला. मी पासपोर्ट घेऊ की नुसता रिटायरमेंटचा व्हिसा?

भाऊ, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, पुढे मुलं-नातवंडंही पायरीपायरीने. पण १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं गेलं. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व का, यावर कोर्टापर्यंत भांडणं झालीत, म्हणून "फक्त नोंद करून ठेवतो" असंही वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. मग उरतं ते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं), त्यावर आयुष्यभर येऊन राहता येतं, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेलं कुळागर लगेच जात नाही, पण शेजारची चार माडांची पट्टी घ्यायची म्हणाल तर नाही.

तुमच्या वयाला मुलांसारखं युरोपात जाऊन काम करायचं नाहीये ना? मग डी७ बघा, म्हणजे पोर्तुगालचा पेन्शनवाल्यांना चालणारा व्हिसा, पासपोर्ट भारताचाच राहतो. पेन्शन-भाडं असं नियमित उत्पन्न तिथल्या किमान पगाराएवढं लागतं, २०२५ मध्ये ते महिन्याला ८७० युरो होतं आणि दर वर्षी वाढतं, बायकोसाठी त्याच्या निम्मं अजून. राहायच्या जागेचा करार आधी दाखवावा लागतो. मात्र डी७ म्हणजे खरंच तिथे राहणं, वर्षातले दहा महिने म्हापशात आणि दोन महिने लिस्बनला असं केलंत तर रेसिडेन्सी रिन्यू होताना लटकते. तुमचं मन कुळागरात असेल, आणि पत्रावरून मला ते दिसतंय, तर दोन्ही नका घेऊ, टुरिस्ट म्हणून शेंगेन व्हिसावर जाऊन या.

मॉरिशसला मराठी लोक आहेत म्हणे, तिथे जमेल का? (सांगली)

आहेत, पिढ्यान्पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ५० वर्षांवरच्यांसाठी १० वर्षांचा रिटायर्ड परमिट आहे, ठरलेले डॉलर दर वर्षी तिथल्या बँकेत आणावे लागतात. यादीतल्या बाकीच्यांपेक्षा मला हा पर्याय जास्त आवडतो, कारण कागद दहा वर्षांनी एकदा.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, सातारा. जायचं ठरलंय, पण पेन्शन, एफडी, टॅक्स याचं कुणी नीट सांगत नाही.

सर, पाठवायच्या पैशांपासून सुरू करू. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते. समजा २२ लाख एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार कापले. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये परत मिळतात, पण वर्षभर अडकतात. तेच १० लाख मार्चमध्ये आणि १० लाख एप्रिलमध्ये पाठवले तर काहीच कापत नाहीत, आणि मॅडमच्या खात्याची १० लाखांची मर्यादा वेगळी.

राहायलाच जाताय म्हणजे फेमाप्रमाणे (परकीय चलनाचा कायदा) तुम्ही अनिवासी, बचत खातं एनआरओ म्हणजे अनिवासींचं करून घ्यावं लागतं. तिथे बहुतेक बँका सीनियर सिटिझनचा जादा अर्धा टक्का देत नाहीत. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम नवीन उघडता येत नाही, पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं पण पुढे वाढवता येत नाही. म्हणून एफडी वगैरे जायच्या आधी मांडून घ्या, गेल्यावर नाही. टॅक्ससाठी मात्र दिवस मोजतात, आणि थायलंडसारख्या देशात १८० दिवस राहिलात की तिथे आणलेल्या पैशांचाही २०२४ पासून हिशोब होतो, तेव्हा दोन्ही देशांचा करार माहीत असलेला सीए गाठा.

पेन्शन चालू राहते. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा, तो मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण ॲपने होतो किंवा तिथल्या आपल्या वकिलातीत. पण आधार, बँक, पेन्शन सगळ्याचे ओटीपी त्या एका भारतीय नंबरवर येतात, आणि लोक नेमकं ते सिम बंद पडू देतात. रोमिंग चालू ठेवा, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि जायच्या आधी बँकेत जाऊन विचारा की ओटीपी ईमेलवर पण येईल का, काही बँका करून देतात.